पित्त पोटातलं, पित्त अंगावरचं: मास्ट पेशी आणि अल्सर

गोदाकाठची | ४ मे, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

वय ४४, नाशिक, शाळेत गणित शिकवते. चार वर्षांपूर्वी रात्री दोन-अडीचला पोटात आग होऊन जाग यायला लागली. बरगड्यांच्या खाली निखारा ठेवल्यासारखं. दोन बिस्किटं खाल्ली की तासभर शांत, मग पुन्हा तेच. घरच्यांचं निदान तयार होतं: मिसळ. आमच्याकडे रविवारची मिसळ हा कुळाचार आहे, तरी पहिला बळी तिचाच गेला. दुसरं निदान टेन्शन. दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईला टेन्शन आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, त्यामुळे तेही सगळ्यांना पटलं.

दुर्बीण घातली. जठर संपून लहान आतडं सुरू होतं त्या पहिल्या वळणावर, ड्युओडेनममध्ये, दोन अल्सर. एच. पायलोरी (अल्सर करणारा जिवाणू) निगेटिव्ह. पेनकिलर मी घेत नाही, तंबाखूही नाही. आठ आठवडे पॅन्टोप्रॅझोल (ऍसिड कमी करणारी गोळी) घेतली, बरी झाले. गोळी थांबली आणि दोन महिन्यांत निखारा परत. मधल्या काळात शी काळी होत होती, ती मी लोहाच्या गोळ्यांच्या नावावर खपवत होते. दुसऱ्या दुर्बिणीत अल्सरमधून रक्त झिरपताना दिसलं. हिमोग्लोबिन ८.४.

मग गॅस्ट्रिन (जठराला ऍसिड बनवायला सांगणारं हार्मोन) तपासलं, ते वाढलेलं. मी रात्री फोनवर शोधत बसले आणि स्वादुपिंडात गाठ आहे असं ठरवून मोकळी झाले. नवऱ्याला कपाटातल्या एफडीच्या पावत्या कुठे आहेत तेसुद्धा सांगून ठेवलं. पुढे कळलं की पॅन्टोप्रॅझोल चालू असताना गॅस्ट्रिन वाढतंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी थांबवून पुन्हा तपासलं तर नॉर्मल. गाठ नाही. पण मग अल्सर कशामुळे? ह्यावर 'काही लोकांना होतो' एवढंच उत्तर मिळालं.

आता खरी गोष्ट. धाकट्याला गजकर्ण झालं म्हणून त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मी नुसती शेजारी बसले होते. बाईंची नजर माझ्या दंडावर गेली. मला दंडावर आणि मांड्यांवर मसुराच्या डाळीएवढे तपकिरी डाग आहेत, पंधरा वर्षांपासून. आई त्यांना उष्णतेचे डाग म्हणायची. बाईंनी पेनाच्या मागच्या टोकाने एक डाग जरा घासला. दोन-तीन मिनिटांत तो लाल होऊन टम्म फुगला. त्यांनी विचारलं, "पोटाचा काही त्रास आहे का हो तुम्हाला?"

मी रडायचीच बाकी होते.

रक्तातलं ट्रिप्टेज (मास्ट पेशींतून येणारा पदार्थ) ४६ आलं (११.४ पर्यंत नॉर्मल धरतात). कमरेच्या हाडातून मज्जा काढली, केआयटी नावाच्या जनुकात बदल सापडला. निदान: सिस्टेमिक मास्टोसायटोसिस, म्हणजे अंगात मास्ट पेशी नको तितक्या साठणं, हळू चालणारा प्रकार. आता रोज अँटिहिस्टॅमिन, फॅमोटिडीन आणि पॅन्टोप्रॅझोल.

इथे कुणाला हा आजार आहे का? आणि एक ताजी अडचण: अक्कलदाढ काढायची आहे. दातांच्या डॉक्टरांना नक्की काय सांगू?

---

अण्णा_सातारकर | ४ मे, रात्री १०.५०

ताई, काळजी घ्या. रोज सकाळी अनशापोटी कोहळ्याचा रस घ्या, आमच्या सौ. ना गुण आला.

तुमचं वाचून आमच्या वडिलांची आठवण झाली. १९६८ साली अल्सर फुटला म्हणून त्यांचं अर्धं जठर मिरजेला नेऊन काढलं होतं. तेव्हा अल्सर म्हणजे ऑपरेशन, एवढंच ठाऊक होतं. पुढे जन्मभर दर दोन तासांनी थोडंथोडं खायचे. डाग वगैरे कुणी पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी काय करणार होते म्हणा.

---

स्लाईडवाली | ५ मे, सकाळी ७.०५

गोदाकाठची, तुमच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुमच्या जठराचा तुकडा काचेवर बघणारी. (इथे मी उपचार सांगत नाही, फक्त कारभार कसा चालतो ते सांगते.)

डाग घासल्यावर फुगणं ह्याला डॅरियरची खूण म्हणतात. तो डाग म्हणजे मास्ट पेशींची वस्ती. ह्या पेशी आपल्या सगळ्यांच्या अंगात असतात, मुख्यतः जिथे शरीर बाहेरच्या जगाला भिडतं तिथे: कातडी, श्वासनलिका, आतडी. ह्या पेशींच्या आत दाणे ठासून भरलेले असतात. पॉल अर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७८च्या आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिलं. त्यांना वाटलं, ह्या पेशी खाऊनपिऊन धष्टपुष्ट झाल्यात. जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे जनावराला चारून पुष्ट करणं. आपल्याकडच्या 'मस्त'शी संबंध नाही, तसा भाव असला तरी.

दाण्यांत हिस्टॅमिन असतं. डास चावल्यावर खाज सुटते ती त्याच्यामुळे. आता जठराकडे या. ऍसिड बनवणाऱ्या पेशींच्या अंगावर तीन कुलपं असतात: एक नसांच्या संदेशासाठी, एक गॅस्ट्रिनसाठी, एक हिस्टॅमिनसाठी. रोजच्या व्यवहारात हिस्टॅमिनची किल्ली जठरातल्याच शेजारच्या पेशी फिरवतात, जेवण आलं की, हवी तेवढी. तुमच्या बाबतीत रक्तात फिरणारं जास्तीचं हिस्टॅमिन जेवण असो-नसो ती किल्ली फिरवत बसलं. ऍसिड जास्त झालं, आणि पहिला मार बसतो तो जठराच्या दाराबाहेर, ड्युओडेनमला. म्हणून 'पोटातला अल्सर' म्हणत असलो तरी मास्टोसायटोसिसमध्ये बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.

गॅस्ट्रिन तपासलं ते अगदी बरोबर होतं. गॅस्ट्रिन ओतणारी गाठ आणि मास्टोसायटोसिस ह्या दोघांचं चित्र बाहेरून सारखं दिसतं: ऍसिडचा पूर, परत परत होणारे अल्सर, जोडीला जुलाब. फरक असा की गाठ असली तर गॅस्ट्रिन खूप चढलेलं असतं. मास्टोसायटोसिसमध्ये ते नॉर्मल किंवा कमी असतं, कारण पोटात आधीच भरपूर ऍसिड आहे म्हटल्यावर शरीर गॅस्ट्रिन कशाला बनवेल? तुम्हाला जुलाब होते का? ते लिहिलं नाहीत.

आता माझ्या जातभाईंची कबुली. अल्सरच्या कडेचे तुकडे आमच्याकडे आले असणार आणि आम्ही 'जुनाट सूज, कॅन्सर नाही' असं लिहून पाठवलं असणार. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात मास्ट पेशी गर्दीत हरवतात. त्यांना शोधायला ट्रिप्टेज, सीडी११७ आणि सीडी२५ (ह्या पेशींच्या ओळखखुणा) ही वेगळी रंगवणी लागते, आणि ती आम्ही कुणी 'मास्ट पेशी बघा' असं लिहून दिलं तरच करतो. फॉर्मवर नुसतं 'ऍसिडिटी' लिहून आलं की संपलं. उलट बाजूही सांगते: आतड्यात मास्ट पेशी थोड्याफार सगळ्यांच्याच असतात. नुसती संख्या जास्त दिसली म्हणून मास्टोसायटोसिस ठरत नाही. सीडी२५ दाखवणाऱ्या पेशींचे घट्ट घोळके दिसावे लागतात.

---

तर्कटराव | ५ मे, सकाळी ९.३३

छान माहिती. पण एक शंका. आजकाल इंटरनेटवर ज्याला त्याला मास्ट पेशींचा आजार आहे. थकवा आला, मास्ट पेशी. केस गळले, मास्ट पेशी. हा धागा वाचून उद्या अर्धा महाराष्ट्र ट्रिप्टेज करायला रांग लावेल. साधा अल्सर किती जणांना असतो आणि हा आजार किती जणांना?

---

स्लाईडवाली | ५ मे, दुपारी १.४८

तर्कटराव, शंका रास्त आहे. युरोपातल्या नोंदींवरून मास्टोसायटोसिस साधारण १० हजार माणसांत एकाला. अल्सरची दोन मोठी कारणं वेगळीच आहेत: एच. पायलोरी हा जिवाणू आणि पेनकिलर. अल्सर म्हणजे टेन्शन आणि तिखट ही समजूत मोडायला बॅरी मार्शल ह्यांनी १९८४ साली त्या जिवाणूचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि आजारी पडले. २००५चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन ह्यांना मिळालं, आणि तरीही २०२०नंतर नाशकात मिसळीलाच फाशी! म्हणून आधी ही दोन कारणं नीट खोडायची. नीट म्हणजे: पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी चालू असताना केलेली पायलोरीची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ती गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं, अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

ही दोन्ही कारणं नाहीत, गॅस्ट्रिन नॉर्मल आहे, तरी अल्सर परततोय, आणि जोडीला अंगावर डाग, अचानक चेहरा लालबुंद होणं, मधमाशी चावल्यावर चक्कर येऊन कोसळणं ह्यातलं काही असेल, तरच हे दार ठोठवायचं. मास्ट पेशी 'चिडण्याचं' निदानही हवेत होत नाही. झटक्याच्या (अचानक लाली, चक्कर, कोसळणं) वेळी, एक ते चार तासांत, रक्त घेऊन ट्रिप्टेज मोजतात. नेहमीच्या पातळीपेक्षा ते २० टक्के अधिक २ एवढं चढलं पाहिजे. म्हणजे नेहमी १० असेल तर १४ व्हायला हवं. गणिताच्या बाईंना आवडेल. आणि काही घराण्यांत ट्रिप्टेजच्या जनुकाची जादा प्रत असते, त्यांचा आकडा जन्मतःच चढा असतो. त्यामुळे एका आकड्यावर कुणी एफडीच्या पावत्या काढू नयेत.

---

गोदाकाठची | ५ मे, संध्याकाळी ६.२०

पावत्या परत कपाटात ठेवल्यात :)

जुलाब होते, हो. दिवसाला पाच-सहा वेळा, तेलकट. ते मी वेगळ्या खात्यात टाकले होते. उन्हातून आले की चेहरा तापून लाल व्हायचा, तो 'ह्या वयात होतंच' ह्या खात्यात. अंगावर पित्त उठायचं ते तिसऱ्या. तीन डॉक्टर, तीन फायली, आणि प्रत्येक फाईल एकदम स्वच्छ. पोटाच्या डॉक्टरांनी माझं पोट आतून दोनदा पाहिलं, पण पोट दाबताना बाही कोपराच्या वर गेली नाही. त्यांना दोष देत नाही, मीही दाखवलं नाही. डागांचा पोटाशी काय संबंध?

आणि गंमत बघा. आपण मराठीत दोन्हीला पित्तच म्हणतो. छातीत जळजळलं, 'पित्त झालं'. अंगावर गांध्या उठल्या, 'पित्त उठलं'. आजी दोन्हीवर आमसुलाचं पाणीच द्यायची, एकदा प्यायला आणि एकदा अंगाला चोळायला. भाषेला माहीत होतं म्हणायचं का?

---

तर्कटराव | ५ मे, संध्याकाळी ७.०२

घ्या! आता पूर्वजांना सगळं ठाऊक होतं ह्या स्टेशनवर गाडी आली. इनो घ्या कुणीतरी.

---

रत्नागिरीकर_बाप्या | ५ मे, रात्री ८.१५

तर्कटराव, इनो तुम्हीच घ्या, आमसुलाला बोलायचं नाय.

---

स्लाईडवाली | ५ मे, रात्री ९.४०

भाषेवरून भांडू नका. साधं पित्त उठणाऱ्या बहुतेकांना अल्सर नसतो आणि अल्सरवाल्यांच्या अंगावर पित्त नसतं, त्यामुळे शब्द एक म्हणून आजार एक असं होत नाही. पण दोन्हीकडे हिस्टॅमिनच आहे, हे शोधायला विज्ञानाला पन्नासेक वर्षं लागली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९१६ साली ल्विवमध्ये (आताच्या युक्रेनमधलं शहर) पोपिएल्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्याला हिस्टॅमिन टोचलं आणि जठररसाची धार लागली. म्हणजे हिस्टॅमिन ऍसिड वाढवतं हे तेव्हाच कळलं. पुढे १९४०च्या दशकात अँटिहिस्टॅमिन गोळ्या आल्या. खाज थांबली, शिंका थांबल्या, आणि ऍसिड? ढिम्म. कुणाला कळेना. मग जेम्स ब्लॅक ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी धरलं की हिस्टॅमिनचं कुलूप एकच नसणार. १९७२ साली त्यांच्या गटाने दुसरं कुलूप, एच२, दाखवलं आणि १९७६ साली ब्रिटनमध्ये ते कुलूप अडवणारं सिमेटिडीन हे औषध बाजारात आलं. अण्णा, तुमच्या वडिलांचं जठर त्याआधी आठ वर्षं गेलं. १९८८चं नोबेल ब्लॅक ह्यांना होतं.

म्हणून गोदाकाठची ह्यांना दोन वेगळी 'अँटिहिस्टॅमिन' चालू आहेत: एक कातडीच्या कुलपाला, एक जठराच्या. पॅन्टोप्रॅझोल तिसऱ्याच जागी काम करतं. ते किल्लीला हात लावत नाही, ऍसिड बाहेर फेकणारा पंपच बंद करतं. अल्सर भरून काढायला ते सगळ्यात जोरदार. पण हिस्टॅमिन अंगात फिरतच राहतं, त्यामुळे नुसत्या त्यानं डाग, लाली थांबत नाहीत. तेलकट जुलाब मात्र बऱ्याचदा त्यानं सुधारतात, कारण जादा ऍसिड आतड्यात उतरलं की चरबी पचवणारा पाचकरस तिथेच निकामी होतो.

---

ओहायोची_जाई | ६ मे, पहाटे ४.११

अगं गोदाकाठची, मिठी. मला हाच आजार आहे, नऊ वर्षं झाली. माझा अल्सर नाही, पण पोटाने जीव नकोसा केला होता.

मला इकडे क्रोमोलिनचा फार उपयोग झाला. छोट्या प्लास्टिकच्या कुप्या येतात, पाण्यात मिसळून जेवणाआधी अर्धा तास आणि झोपताना, दिवसातून चार वेळा. मास्ट पेशींना दाणे सोडू देत नाही म्हणतात. रक्तात जवळजवळ उतरतच नाही, आतड्यातच काम करतं. गुण यायला काही आठवडे लागतात, लगेच सोडून देऊ नकोस. भारतात मात्र ते प्यायचं औषध मला मिळालं नाही. गेल्या वर्षी पुण्याला आले तेव्हा चार केमिस्ट पालथे घातले, सगळे डोळ्यांत घालायचे थेंब काढून द्यायचे.

रॅनिटिडीन (तेही ऍसिडवरचंच औषध) इथे २०२० साली बाजारातून काढलं, एनडीएमए नावाची घातक अशुद्धी त्यात वाढत जाते म्हणून. आई अजून पर्समध्ये रॅनटॅक ठेवते आणि सगळ्यांना प्रसादासारखी वाटते. तिला सांगून थकले. भारतातही २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते काढलंय. तू फॅमोटिडीनवर आहेस ते छान.

आणि हाडं तपासलीस का? ह्या आजारात हाडं ठिसूळ होतात, वर पॅन्टोप्रॅझोल वर्षानुवर्षं घेतलं की तीही काळजी, शिवाय बी१२ आणि मॅग्नेशियम. माझा मणका शिंकताना दबला होता. शिंकताना! वय ४१. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) करून घे.

---

रत्नागिरीकर_बाप्या | ६ मे, सकाळी १०.२७

हिस्टॅमिनवरून आठवला, बांगडा. आमच्याकडे जुनी माणसं ताज्या बांगड्याबद्दल काही बोलणार नाहीत, पण उन्हात पडलेला बांगडा खाल्ला की 'अंगावर आलं' म्हणतात. तोंड लाल, डोकं भणभणतं, गांध्या. लोकांना वाटतं माशाची ऍलर्जी. ती नसते. बांगडा, सुरमई, कुपा ह्या माशांच्या मांसात हिस्टिडीन जास्त, मासा बर्फावर नसला की जिवाणू त्याचं हिस्टॅमिन करतात. आणि एकदा झालं की तळा, शिजवा, हिस्टॅमिन जात नाय. साध्या माणसाला त्याने त्रास होतो तर ह्यांना किती होईल. ताई, मासे खात असाल तर कोळणीच्या पाटीतला दुपारचा मासा नको. सकाळचा, बर्फातला.

---

गोदाकाठची | ६ मे, संध्याकाळी ५.५५

बाप्या, आम्ही शाकाहारी, पण माहिती भारीच. मला गरम गरम चहा आणि लोणचं ह्यांनी त्रास होतो. इडली-डोसा चालतो. टोमॅटोबद्दल इंटरनेटवर इतकं वाचून घाबरले होते, पण मला काही होत नाही. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, सगळ्यांना लागू पडेल अशी यादी नाही, वही ठेवा आणि आपलं आपण शोधा. वहीत उकाडा पहिल्या नंबरावर आहे. तो नाशिकमधून कसा वगळायचा?

जाई, स्कॅन केला. कंबरेत ऑस्टिओपोरोसिस. तुझ्यामुळे केला गं, नाहीतर कुणी सांगितलंच नव्हतं. थँक्यू म्हणणं फार किरकोळ वाटतंय.

---

टायगरची_आई | ६ मे, रात्री ११.०३

माणसांच्या धाग्यात कुत्रं आणतेय, रागावू नका. आमच्या टायगरला (लॅब्रॅडॉर, ९ वर्षं) मांडीवर मास्ट सेल ट्यूमर झाला होता. कुत्र्यांत हा कातडीच्या कॅन्सरमधला अगदी नेहमीचा. गाठ मांडीवर, आणि हा उलट्या करतोय, शी काळी. मला वाटलं काहीतरी खाल्लं असेल. डॉक्टरांनी गाठीला सुई लावायच्या आधीच फॅमोटिडीन सुरू केलं. म्हणाले, गाठीतलं हिस्टॅमिन पोटात ऍसिड वाढवतं, ह्याच्या पोटात अल्सर असणार. आणि गाठ सारखी दाबून बघू नका, दाबली की अजून सोडते.

गुरांच्या डॉक्टरांना जे पहिल्या दिवशी सुचलं ते ताईंच्या बाबतीत चार वर्षं कुणाला सुचू नये?

---

तर्कटराव | ७ मे, सकाळी ८.४९

टायगरची आई, हा मुद्दा मात्र बिनतोड. माझा इनोचा प्रतिसाद मागे.

---

भूलवाला | ७ मे, रात्री १०.३०

दाढेचं कुणी बोललंच नाही. मी भूलतज्ज्ञ आहे.

सगळ्यात आधी पेनकिलर. तुमच्याकडे न घेण्याची दोन कारणं आहेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक जठराचं अस्तर दुबळं करतात, अल्सरवाल्याला ते तसंही नको. शिवाय मास्टोसायटोसिसच्या काही लोकांत ह्याच गोळ्यांनी मास्ट पेशी फुटून झटका येतो. गोंधळात भर म्हणजे काही निवडक रुग्णांना डॉक्टर स्वतःहून ऍस्पिरिन देतात, चेहऱ्याची लाली कमी करायला, कारण ती लाली मास्ट पेशींतूनच निघणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन ह्या रसायनाची असते. ते रुग्णालयात, जपून, आणि ज्याला ते सोसतं हे माहीत आहे त्यालाच. अल्सरमधून रक्त आलेल्या बाईने 'फोरमवर वाचलं' म्हणून घ्यायचं नाही. दाढेनंतर बहुतेकांना पॅरासिटामॉल चालतं. मॉर्फिन आणि कोडीन ह्यांनी मास्ट पेशी दाणे सोडू शकतात, म्हणून त्यांची नावं चिठ्ठीवर लिहा.

दाढ लिग्नोकेनच्या (जागा बधिर करणाऱ्या औषधाच्या) सुईवर निघते आणि ते औषध ह्या आजारात सहसा सोसतं. नेहमीच्या गोळ्या त्या दिवशी चुकवायच्या नाहीत. लोक 'ऑपरेशन आहे, उपाशी राहायचं' म्हणून सकाळच्या गोळ्याही सोडतात, तिथे घोळ होतो. तुमच्या डॉक्टरांकडून आधी द्यायच्या औषधांचं लेखी पत्र घ्या. आणि भीती, थंडी, उकाडा, वेदना हेसुद्धा मास्ट पेशींना चिथावतात, म्हणून सकाळची पहिली वेळ मागा. तीन तास वेटिंग रूममध्ये घाम गाळत बसू नका.

दातांच्या डॉक्टरांना विचारा: ऍड्रेनॅलिन (झटक्यावरचं तातडीचं औषध) हाताशी आहे ना? आपल्याकडे पेनासारखं इंजेक्शन सहज मिळत नाही, पण ऍड्रेनॅलिनची कुपी कुठल्याही चांगल्या दवाखान्यात हवीच. किती, कुठे आणि कधी टोचायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर घेऊन पर्समध्ये ठेवा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तेही आधी सांगा, त्याच्यामुळे ऍड्रेनॅलिनचा जोर कमी पडू शकतो.

अजून एक. मास्ट पेशींच्या दाण्यांत हिस्टॅमिनच्या शेजारी हेपॅरिन असतं, रक्त पातळ ठेवणारं. जोराच्या झटक्यात रक्त गोठायला वेळ लागल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे काळी, डांबरासारखी चिकट, घाण वासाची शी झाली तर ह्यापुढे लोहाच्या गोळीला श्रेय देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना.

---

अण्णा_सातारकर | ८ मे, सकाळी ६.१५

सगळं वाचलं. कोहळ्याचा सल्ला मागे घेत नाही, पण गोळ्यांच्या जागी नव्हे, गोळ्यांबरोबर.

---

गोदाकाठची | १९ ऑगस्ट, रात्री ९.०८

धागा वर काढतेय. दाढ निघाली! भूलवाले, तुमचा प्रतिसाद छापून नेला होता. दातांच्या डॉक्टर दोनदा वाचून म्हणाल्या, "हे कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, आमच्या गावातले आहेत. साडेनऊची वेळ, पंखा फुल, लिग्नोकेन, नंतर पॅरासिटामॉल. चेहरा जरासा लाल झाला, बाकी काही नाही.

तिसरी दुर्बीण जुलैत झाली. अल्सर भरलेत. तुकडे घेताना फॉर्मवर मोठ्या अक्षरांत 'मास्टोसायटोसिस, सीडी११७ व सीडी२५ बघावे' असं लिहून घेतलं. रिपोर्ट आला, आतड्यात घोळके सापडले. स्लाईडवाली, तुमच्या जातभाईंनी ह्यावेळी पाऊण पान लिहिलंय.

आमच्या रक्ताच्या डॉक्टरांनी अवॅप्रिटिनिबचा विषय काढला होता. केआयटीतल्या डी८१६व्ही ह्या बदलावर थेट काम करणारी गोळी, अमेरिकेत २०२३पासून हळू चालणाऱ्या प्रकारालाही मान्यता आहे. किंमत ऐकून आम्ही दोघं खूप हसलो. सध्या गरज नाही म्हणाले, आहे त्यावर ठीक चाललंय.

गेल्या रविवारी मिसळ खाल्ली. तर्री बाजूला ठेवून, पण खाल्ली. वहीत नोंद: काही झालं नाही.

---

वाचनमात्र | २० ऑगस्ट, रात्री १२.३७

इथे सहा वर्षं नुसतं वाचतोय, पहिलाच प्रतिसाद. माझ्या बहिणीला दोन वर्षांत तीनदा अल्सर. पायलोरी नाही. तिच्या पोटऱ्यांवर आणि पाठीवर तपकिरी ठिपके आहेत, लहानपणी नव्हते. आत्ता तिला उठवून पेनाने घासून बघू का?

---

स्लाईडवाली | २० ऑगस्ट, सकाळी ६.५०

अहो, झोपू द्या तिला! आणि घरी घासू नका. डाग खूप असतील तर जोरात घासल्याने अंगभर झटका येऊ शकतो. ते काम दवाखान्यातच होऊ दे. आधीच्या दुर्बिणीच्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळे त्या लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. ते मागून त्यावर वेगळी रंगवणी करता येते, लगेच नवी दुर्बीण घालायला नको. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना पोटाच्या फायली न्या, आणि पोटाच्या डॉक्टरांना ठिपके दाखवा.

---

वाचनमात्र | २० ऑगस्ट, सकाळी ७.१४

पेन ठेवला. सोमवारची वेळ घेतली आहे, दोन्ही फायली एकाच पिशवीत भरल्यात.